विश्लेषण : कोळशाची प्रत लेझरच्या ठिणगीतून कशी कळते?

कोळशाने भरलेली एक मालगाडी म्हणजे ५८-५९ वाघिणी आणि जवळपास ४ हजार टन माल. त्यातून प्रयोगशाळेत प्रत्यक्ष जाळून पाहिला जातो तो जेमतेम १ ग्रॅम. म्हणजे ४०० कोटी ग्रॅममधला एक ग्रॅम. त्यावरून अख्ख्या गाडीची प्रत ठरते, प्रतीवरून पैसे ठरतात आणि त्याचा हिशेब फिरत फिरत ग्राहकाच्या वीजबिलापर्यंत येतो. निकाल हाती येईपर्यंत त्या गाडीतला कोळसा अनेकदा जळून राख झालेला असतो. त्यामुळे कोळसा पट्ट्यावरून पुढे सरकत असतानाच त्यात काय आहे ते सांगणारे तंत्र हवे, ही मागणी जुनी आहे. लेझरची ठिणगी हे त्यावरचे एक उत्तर. ‘लिब्स’ या नावाने ओळखले जाणारे हे तंत्र मंगळावर चालले, चंद्रावर चालले. वीज केंद्राच्या धुळीत ते किती चालते?

प्रतीवरून एवढा वाद कशासाठी?

कोळसा विकला जातो टनावर, पण वीज केंद्राला हवी असते उष्णता. एक किलो कोळसा पूर्ण जळाल्यावर जितक्या किलोकॅलरी उष्णता मिळते तो त्याचा उष्मांक. भारतात २०११ च्या अखेरपर्यंत वीज केंद्रांना लागणाऱ्या कोळशाची प्रतवारी ‘ए’ ते ‘जी’ अशा अक्षरांत होत असे. राख आणि ओलावा मोजायचा आणि ठरलेल्या सूत्रात घालून प्रत काढायची, अशी ती पद्धत. जानेवारी २०१२ पासून थेट उष्मांकावर आधारलेल्या १७ श्रेणी आल्या. जी-१ म्हणजे ७ हजार किलोकॅलरींहून अधिक, आणि तिथून खाली प्रत्येक श्रेणी ३०० किलोकॅलरींची एक पायरी. जी-११ म्हणजे ४,००१ ते ४,३००, जी-१२ म्हणजे ३,७०१ ते ४,०००.

एक पायरी घसरली तर काय बिघडते? एक युनिट वीज तयार करायला २,४०० किलोकॅलरी उष्णता लागते असे धरू. जी-११ च्या मधल्या, म्हणजे ४,१५० किलोकॅलरींच्या कोळशावर युनिटमागे सुमारे ५८० ग्रॅम कोळसा लागेल. जी-१२ च्या मधल्या कोळशावर तोच आकडा ६२० ग्रॅमच्या पुढे जातो. फरक चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचा. पण ५०० मेगावॉटचा संच पूर्ण क्षमतेने चालत असेल तर तासाला २२ टन आणि दिवसाला ५०० टनांहून अधिक कोळसा जादा जाळावा लागतो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात ५०० मेगावॉटचे असे पाच संच आहेत, शिवाय २१० मेगावॉटचे दोन. जादा कोळशाबरोबर जादा राखही आली, ती वाहून नेण्याचा खर्च आला, कोळसा दळणाऱ्या गिरण्यांची झीज आली.

वाद होतो तो इथे. खाण म्हणते माल जी-११ चा पाठवला, वीज केंद्र म्हणते आमच्याकडे जी-१३ उतरला. या घसरणीला कोळसा व्यवहारात ‘ग्रेड स्लिपेज’ म्हणतात. दोघांत तिसरा हवा म्हणून खाणीवर माल भरतानाच त्रयस्थ संस्थेकडून नमुने घेण्याची पद्धत आली. धनबादची केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्था, म्हणजे ‘सिम्फर’, हे त्यातले ठळक नाव. आधी जाहीर प्रतीनुसार बिल निघते, निकाल वेगळा आला की फरकाच्या नोंदी होतात आणि निकालच मान्य नसेल तर राखून ठेवलेला नमुना पंच प्रयोगशाळेकडे जातो.

या वादातला एक भाग मात्र चोरीचा किंवा भेसळीचा नसतो, पाण्याचा असतो. प्रतवारीसाठी उष्मांक काढताना नमुना ४० अंश सेल्सिअस तापमान आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत स्थिरावलेला धरला जातो. बॉयलरमध्ये जाणारा कोळसा तसा नसतो. तो वणी-घुग्घुसच्या पावसात भिजून आलेला असतो. ४,१५० किलोकॅलरींच्या कोळशात वजनाच्या १० टक्के इतके जादा पाणी मुरले की किलोमागे उष्मांक ३,७३५ वर येतो. कागदावर कोळसा जी-११ च राहतो, भट्टीत तो जी-१२ सारखा वागतो. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या असतात, म्हणून तर भांडण मिटत नाही.

सध्या कोळसा तपासतात कसा?

मालगाडीतून ठरलेल्या वाघिणींमधून ठरलेल्या ठिकाणचा कोळसा उचलतात. तो फोडतात, मिसळतात, निम्मा करतात, पुन्हा फोडतात. शेवटी २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारी, मैद्याच्या जवळ जाणारी भुकटी उरते. तिच्यातला ग्रॅमभर कोळसा सुमारे १०८ अंशांवर वाळवून ओलावा काढतात. दुसरा ग्रॅम ८१५ अंशांवर पूर्ण जाळून राख मोजतात. तिसरा ९०० अंशांवर झाकणबंद मुशीत सात मिनिटे तापवला की वायुरूपाने उडून जाणारा भाग कळतो. या तिन्हींची बेरीज शंभरातून वजा केली की उरतो तो ‘स्थिर कार्बन’.

उष्मांकासाठी ‘बॉम्ब कॅलरीमीटर’ वापरतात. नाव भयंकर असले तरी उपकरण गरीब आहे. जाड पोलादी भांड्यात हवेच्या दाबाच्या सुमारे तीसपट दाबाने ऑक्सिजन भरून ग्रॅमभर कोळसा पेटवायचा आणि भोवतीचे पाणी किती तापले ते पाहायचे. एकाच नमुन्यावर दोन वेगळ्या प्रयोगशाळांनी काढलेल्या आकड्यांत किलोमागे साधारण ७० किलोकॅलरींचा फरक आंतरराष्ट्रीय मानकाला मान्य आहे. ३०० किलोकॅलरींच्या पायरीपुढे हे चांगलेच नेमके काम आहे.

दुखणे वेळेचे आहे. उचलण्यापासून निकालापर्यंत चांगल्या प्रयोगशाळेतही एक-दोन दिवस सहज जातात, आणि त्रयस्थ चाचणीचा अहवाल हाती पडायला त्याहून बरेच अधिक. बॉयलर चालवणाऱ्या अभियंत्याला आत्ता, या मिनिटाला, आत जाणाऱ्या कोळशात राख ३५ टक्के आहे की ४५ टक्के, हे कळले तर हवे असते. आठवड्याने कळलेला आकडा त्याच्या दृष्टीने इतिहास असतो.

लेझरची ठिणगी नेमके काय करते?

गॅसवर मिठाचे पाणी उतू गेले की निळी ज्योत पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. दिवाळीच्या फटाक्यांतला लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा. मूलद्रव्य तापवले की ते स्वतःच्या ठरलेल्या रंगात प्रकाशते, आणि हा रंग बोटाच्या ठशासारखा त्याचा एकट्याचा असतो. लिब्समागे तत्त्व हेच. फरक एवढाच, की इथे ज्योतीऐवजी लेझरचा झटका असतो.

लेझरचा एक झटका साधारण ५० मिलिज्यूल ऊर्जेचा असतो. ही ऊर्जा किती? पाच ग्रॅमची वस्तू मीटरभर उचलायला लागते तितकी. म्हणजे क्षुल्लकच. पण ती १० नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा कोटीव्या भागात, आणि मिलिमीटरहून लहान ठिपक्यावर आदळते. तेवढ्या क्षणापुरती तिची शक्ती ५ मेगावॉट होते. ठिपक्यावरचा कोळसा वितळायची वाटही पाहत नाही. त्याची थेट वाफ होते, रेणू तुटतात, अणूंवरचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि १० हजार अंश किंवा त्याहून तप्त असा प्लाझ्मा तयार होतो. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा आहे, हे लक्षात घेतले की या टिचभर ठिणगीचा कल्पना येण्याजोगा अंदाज बांधता येतो. जळून जाणारा कोळसा मात्र एका झटक्याला मायक्रोग्रॅमच्या आसपास.

पहिल्या काही शे नॅनोसेकंदांत ठिणगी नुसतीच पांढरी झगझगीत असते, त्यातून काही कळत नाही. म्हणून यंत्र मुद्दाम थांबते, जेमतेम एक मायक्रोसेकंद. तेवढ्यात प्लाझ्मा थोडा निवतो, इलेक्ट्रॉन अणूंकडे परततात आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा उजळतात. प्रकाशीय तंतूतून हा प्रकाश वर्णपटमापकात जातो आणि तिथे त्याची तरंगलांबीनुसार फोड होते. कार्बनची रेष २४७.८६ नॅनोमीटरवर, सिलिकॉनची २८८.१६ वर, ॲल्युमिनियमची ३९६.१५ वर, कॅल्शियमची ३९३.३७ वर, सोडियमची जोडी ५८९ च्या आसपास, हायड्रोजनची लाल रेष ६५६.२८ वर. रेष जितकी ठळक तितके ते मूलद्रव्य जास्त. लेझर सेकंदाला दहा-वीस वेळा झटके देतो, म्हणजे मिनिटभरात शेकडो वर्णपट जमा होतात.

ही कल्पना लेझरइतकीच जुनी. थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये पहिला रुबी लेझर चालवला आणि दोनच वर्षांत ब्रेक व क्रॉस यांनी लेझरने उडवलेल्या वाफेचा वर्णपट घेण्याचे काम मांडले. पण लेझर, प्रकाश टिपणारे संवेदक आणि संगणक हे तिघेही स्वस्त आणि दणकट व्हायला पुढची काही दशके लागली. अमेरिकेच्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात या तंत्राला आजचे रूप आले. २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’ने सात मीटरपर्यंतच्या खडकांवर लेझर मारून त्यांची घटकद्रव्ये वाचली. ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या ‘प्रज्ञान’ बग्गीने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक असल्याचे सांगितले, ते याच तंत्राने. ‘इस्रो’च्या बेंगळूरु येथील प्रयोगशाळेत ते उपकरण तयार झाले होते.

अणू मोजून उष्णता कशी कळणार?

लिब्सला उष्मांक दिसत नाही. राख दिसत नाही. वायुरूपाने उडणारा भागही दिसत नाही. त्याला दिसतात फक्त अणू. बाकी सगळे अनुमान.

राखेचे अनुमान त्यातल्या त्यात सोपे. राख म्हणजे कोळशात मिसळलेली माती, शेल आणि वाळू जाळल्यावर उरलेले ऑक्साइड. सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, टायटॅनियम, सोडियम, पोटॅशियम यांच्या रेषा मोजल्या की राखेचा अंदाज बांधता येतो. उष्मांकासाठी कार्बन आणि हायड्रोजन पाहायचे. फ्रेंच शास्त्रज्ञ ड्यूलाँ यांच्या नावाचे जुने सूत्र सांगते, की ग्रॅमभर कार्बन जळाला की सुमारे ८ किलोकॅलरी आणि ग्रॅमभर हायड्रोजन जळाला की ३४ किलोकॅलरींच्या वर उष्णता मिळते. ऑक्सिजन आधीच असेल तर तेवढा हायड्रोजन वजा धरायचा, थोडे गंधकाचे मिळवायचे.

प्रत्यक्षात यंत्र हे सूत्र जसेच्या तसे वापरत नाही. आधी प्रयोगशाळेत काटेकोर तपासलेले शेकडो नमुने त्याला दाखवले जातात. या वर्णपटाचा उष्मांक इतका, त्या वर्णपटाची राख इतकी, असे संगणकाला शिकवले जाते. मग नवा वर्णपट आला की तो जुन्यांशी ताडून आकडा सांगतो. म्हणजे लिब्सचे शिक्षण बॉम्ब कॅलरीमीटरच्याच हाताखाली झालेले असते. गुरू चुकला असेल तर शिष्य तीच चूक वेगाने करतो.

मग अडते कुठे?

पहिली अडचण वेगवेगळ्या खाणींची. दोन कोळशांत कार्बन अगदी सारखा असला तरी ठिणगी सारखी पडत नाही. कोळसा किती कठीण, किती काळा, त्यात खनिजे कशी विखुरली आहेत, यावर प्लाझ्माचे तापमान बदलते आणि त्याबरोबर रेषांची ठळकताही. वर्धा खोऱ्यातल्या कोळशावर शिकवलेले यंत्र ओडिशातल्या तालचेरच्या किंवा इंडोनेशियाहून आलेल्या कोळशावर सरळ वापरले तर फसते. भारतातला गोंडवन कोळसा या बाबतीत आणखी अवघड. सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी वनस्पती पाण्यासोबत वाहत येऊन गाळासकट साठल्या आणि त्याचा हा कोळसा झाला, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणून त्यात राख ३० ते ४५ टक्के असते आणि ती इतकी बारीक मिसळलेली असते, की धुऊनही पुरती निघत नाही. परदेशात कमी राखेच्या कोळशावर मिळालेले यश इथे तसेच मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

दुसरी अडचण कार्बनच्याच रेषेची. २४७.८६ नॅनोमीटरच्या अगदी शेजारी लोहाच्या रेषा येतात. लोह जास्त असलेल्या कोळशात कार्बन उगाच जास्त दिसू शकतो. शिवाय ठिणगी हवेत पडत असल्याने काही कार्बन हवेतल्या नायट्रोजनशी जोडला जातो आणि त्याचा प्रकाश ३८८ नॅनोमीटरजवळ वेगळ्याच पट्ट्यात निघतो. तोही जमेस धरावा लागतो. हायड्रोजनचे दुखणे वेगळे. तो कोळशाचा स्वतःचा किती आणि पाण्यातला किती, हे अणूच्या अंगावर लिहिलेले नसते. वर पाणी लेझरची बरीच ऊर्जा खाऊन टाकते आणि ठिणगी मंदावते. म्हणजे वाद ज्या ओलाव्याचा, तोच मोजताना लिब्स सर्वात लंगडे. ओलाव्यासाठी शेजारी मायक्रोवेव्हवर चालणारे वेगळे मापक बसवणे हाच सध्या शहाणपणाचा मार्ग.

गंधकाचीही तक्रार आहे. त्याच्या ठळक रेषा १८० नॅनोमीटरच्या आसपास, दूरच्या अतिनील पट्ट्यात पडतात आणि तो प्रकाश हवेतला ऑक्सिजन वाटेतच गिळतो. चंद्रावर निदान ती हवा तरी नव्हती. विदर्भातल्या कोळशात गंधक बहुधा १ टक्क्याच्या आत असते, त्यामुळे इथे ही उणीव जड जात नाही. आसामच्या गंधकयुक्त कोळशासाठी मात्र तिचा विचार करावा लागेल.

आणि सर्वात मोठी अडचण नमुन्याची. प्रयोगशाळेत जळणारा ग्रॅमभर कोळसा निदान टनांमधून मिसळत, निम्मा करत खाली आणलेला असतो. लेझर एका झटक्यात मायक्रोग्रॅम उडवतो आणि तोही पृष्ठभागावरचा. पट्ट्यावर धक्के खाताना बारीक भुकटी खाली झिरपते, मोठे ढेकळे वर राहतात. एखाद्या ढेकळावर शेलचा पातळ पापुद्रा असेल तर लेझरला वाटेल सगळा दगडच आला. दिवसाला लाखो झटके मारले तरी ते सगळे वरच्याच थरावर पडणार असतील तर संख्येने काही साधत नाही. म्हणून गंभीरपणे काम करणाऱ्या बहुतेक संशोधकांनी पट्ट्यावर थेट लेझर मारण्याऐवजी आडवाटेने थोडा कोळसा सतत काढून घ्यायचा, दळायचा आणि त्याच्या दाबलेल्या वड्यांवर किंवा वाहत्या भुकटीवर ठिणगी पाडायची, हा मार्ग धरला आहे. वेळ सेकंदांवरून मिनिटांवर जातो, पण आकड्याला अर्थ येतो.

जगात याचा वापर कुठे झाला?

अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेत १९९० च्या आसपास जळत्या कोळशाच्या कणांवर लेझर मारून पाहिला गेला. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात लॅट्रोब खोऱ्यातला तपकिरी कोळसा निम्म्याहून अधिक पाण्याचा, आणि त्यातले सोडियम-मॅग्नेशियम बॉयलरच्या नळ्यांवर थर धरते. तिथे २००० च्या सुमारास लिब्सवर काम झाले ते या क्षारांसाठी. अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठाने भट्टीत राख वितळून चिकटण्याची शक्यता आधी ओळखण्यासाठी हे तंत्र वापरून पाहिले. जपानमध्ये उडत्या राखेत किती कार्बन न जळता वाया जातो, हे मोजण्यासाठी त्याचा उपयोग झाला. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. कोणीही बिलाचा आकडा काढायला निघाले नव्हते, भट्टी नीट चालावी म्हणून निघाले होते.

सर्वाधिक काम अर्थात चीनमध्ये. जगातला निम्म्याहून अधिक कोळसा एकटा चीन जाळतो, तेव्हा ते साहजिकच. बीजिंगचे त्सिंगहुआ विद्यापीठ, ग्वांगझूचे दक्षिण चीन तंत्रज्ञान विद्यापीठ आणि कोळशाचेच राज्य असलेल्या शान्शी प्रांतातले विद्यापीठ ही त्यातली प्रमुख नावे. शान्शीच्या गटाने लिब्सला क्ष-किरण प्रस्फुरणाची जोड दिली. क्ष-किरणांना सिलिकॉन, लोह, गंधक स्थिरपणे दिसतात, पण कार्बन आणि हायड्रोजनसारखे हलके अणू दिसत नाहीत. लिब्सला हलके अणू दिसतात, पण त्याचा हात थरथरतो. दोघांची उणीव एकमेकांनी भरून काढायची, अशी ही युक्ती. एकट्या लिब्सपेक्षा ती अधिक आश्वासक वाटते.

लेझरची आणखीही काही तंत्रे कोळशासाठी वापरली जातात. रामन वर्णपटावरून कोळसा किती परिपक्व झाला आहे ते कळते, आणि लेझरने उडवलेली वाफ वस्तुमानमापकात नेली की पारा, आर्सेनिकसारखे अतिसूक्ष्म घटक मोजता येतात. पण ती संशोधकांची साधने. पट्ट्याशेजारी उभी राहणारी नव्हेत.

मग आता पट्ट्यावर काय बसवलेले असते?

कोळसा चालता चालता तपासणारी यंत्रे आजही आहेत. त्यातली पुष्कळशी किरणोत्सारी द्रव्यांवर चालतात. राख मोजण्यासाठी अमेरिशियम आणि सीझियम यांच्या गॅमा किरणांचा वापर होतो. मूलद्रव्ये मोजायची तर कॅलिफोर्नियम-२५२ मधून निघणारे न्यूट्रॉन कोळशातून आरपार सोडतात आणि अणूंनी उत्तरादाखल टाकलेले गॅमा किरण वाचतात. या पद्धतीचा मोठा गुण असा, की न्यूट्रॉन कोळशाच्या थरातून खोलवर जातात. वरचे ढेकूळ आणि खालची भुकटी, दोन्ही त्यांच्या नजरेत येतात. नेमके हेच लेझरला जमत नाही.

पण त्याची किंमत आहे. कॅलिफोर्नियम-२५२ दर २.६५ वर्षांनी निम्मे होते, म्हणजे स्रोत पुन्हा पुन्हा भरावा लागतो. किरणोत्सारी स्रोत म्हटला की अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, प्रशिक्षित माणूस, जाड कवच, वाहतुकीचे नियम आणि शेवटी विल्हेवाट. लेझर बंद केला की धोका बंद. तो चालू असताना डोळ्यांना अपायकारक असतो, त्यामुळे बंदिस्त पेटीत ठेवावा लागतो, इतकेच. कोळशाची धूळ त्याच्या काचेवर बसू नये म्हणून समोर सतत स्वच्छ हवेचा झोत सोडावा लागतो. कोळसा हाताळणी विभागात पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धुळीचा लोट असतो, तेव्हा या साध्या हवेच्या झोतावर यंत्राचे आयुष्य ठरते असे म्हटले तरी चालेल.

विदर्भातल्या वीज केंद्रांना याचा उपयोग काय?

एकाच केंद्रात वेगवेगळ्या खाणींचा कोळसा येतो. ‘वेकोलि’च्या खाणींतला, ओडिशा-छत्तीसगडमधला, कधी धुतलेला, कधी आयात केलेला. पाचशे किलोमीटरहून दूरच्या केंद्रांनी ३४ टक्क्यांपर्यंतच राखेचा कोळसा वापरावा, ही अट केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मे २०२० मध्ये काढून टाकली, तेव्हापासून आत येणाऱ्या राखेवर लक्ष ठेवणे केंद्राचेच काम होऊन बसले आहे. ढिगातून कुठला कोळसा कशात मिसळायचा, हे आज बरेचसे अनुभवावर आणि जुन्या अहवालांवर चालते. बंकरमध्ये पडण्याआधी दर काही मिनिटांनी राखेचा आणि कार्बनचा अंदाज मिळाला, तर मिश्रण तिथल्या तिथे बदलता येईल. भट्टीत हवा किती सोडायची, तेलाचा आधार लागेल का, राख चिकटण्याची भीती आहे का, याची सूचना आधी मिळेल. या कामासाठी आकडा शेवटच्या किलोकॅलरीपर्यंत अचूक असावा लागत नाही. कोळसा अचानक बिघडला, हे वेळेत कळले तरी पुरते.

खरेदीच्या बिलाचे तसे नाही. ३०० किलोकॅलरींच्या पायरीच्या काठावर असलेला माल वरच्या श्रेणीत मोजायचा की खालच्या, यावर मोठ्या रकमा अवलंबून असतात. तिथे खाण आणि केंद्र दोघांनाही मान्य असलेले भारतीय मानक लागते, आणि ते आजही नमुना जाळण्यावर उभे आहे. पट्ट्यावरचे कुठलेही विश्लेषक यंत्र किती खरे सांगते, हे ठरवण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतही त्याची तुलना नेहमीच्या रीतीने घेतलेल्या आणि प्रयोगशाळेत तपासलेल्या नमुन्यांशीच केली जाते. म्हणजे लेझरची परीक्षा जुन्याच ग्रॅमभर कोळशाकडून होणार. तो ग्रॅम वाघिणीतून कोणी, कुठून आणि किती खोलवरून उचलला, हा प्रश्न लेझर आल्यावरही राहतो. वाघिणीत वरपासून तळापर्यंत शिरून नमुना काढणारे यांत्रिक ऑगर त्यासाठीच आहेत, आणि वादाचा खर्च पाहता लिब्सच्या आधी पैसे तिथे घालणे अधिक फायद्याचे दिसते.